पहिल्या पट्ट्यातला बार

डेन्झिल ट्रेगोनिंगला कुणी काही सांगितलं नव्हतं. स्पर्धेच्या आदल्या दुपारी व्यायामाची शेड रिकामी होती, दार उघडं होतं आणि खाऱ्या हवेने लोखंडी बार तांबूस पडले होते. तेवढं निमित्त त्याला पुरलं. घरी जाऊन तो रॉकेलची बाटली आणि आपल्या एका जुन्या विजारीच्या चिंध्या घेऊन आला आणि घोड्याला खरारा करावा तसा एकेक बार मांडीवर घेऊन घासत बसला. त्यातल्या एका बाराच्या टोकाला मळकी, कडा उलटलेली पिवळी चिकटपट्टी होती. ती डेन्झिलने नखाने खरवडून काढली, खालचा चिकटा रॉकेलने पुसला आणि वर "काय घाण करून ठेवतात पोरं!" असंही म्हणाला.

नसती उठाठेव म्हणतात ती ही. व्यायामाचे बार दोन प्रकारचे असतात. पुरुषांचा वीस किलोचा, मुठीत जरा जाड लागणारा. बायकांचा पंधराचा, थोडा बारीक, थोडा आखूड. शेडमधल्या नव्या बारांना रंगीत टोपणं आहेत, त्यामुळे आंधळ्याला नाही तरी डेन्झिलला फरक कळतो. पण दोन बार जुने, टोपणं हरवलेले. त्यातला बायकांचा कुठला हे कळावं म्हणूनच ती पिवळी पट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्झिलने हातात बागकामाचे मोजे चढवले, बार हातगाडीत घातले आणि जमिनीवर आखलेल्या, एकेका स्पर्धकाच्या सहा पट्ट्यांमध्ये सहा बार मांडले. मोज्यातून जाडी कळत नाही आणि हातगाडीला वजन कळत नाही. ते दोन जुने बार शेडच्या दोन टोकांना पडले: एक पहिल्या पट्ट्यात, एक सहाव्यात. जिथे पडायला हवे होते, त्याच्या बरोबर उलट.

सहावा पट्टा रॉयस मॅडिगनचा होता. पहिला नेरिडा फुल्ब्रूकचा.

नेरिडा शाळेची बस चालवते. पोर्ट कॅरिनमध्ये एवढी ओळख पुरते. शेतांवरची पोरं सकाळी गोळा करून शाळेत आणायची आणि दुपारी परत सोडायची, हे काम ती इतकी वर्षं करते आहे की गावातला तिशी-पस्तिशीचा प्रत्येक माणूस कधी ना कधी तिचा ओरडा खाऊन मोठा झालेला आहे. बांधा बुटका, खांदे रुंद, केस स्वतःच्या हाताने कापलेले, आणि कापताना आरशात बघितलं असेल असं वाटत नाही. बोलणं कमी. बसच्या वेळेबाबत मात्र ती अशी की लोक घड्याळं तिच्यावरून लावतात. एकदा चर्चची सहल कुरिंगाला निघाली होती. डेन्झिल विसरलेली टोपी आणायला घरी गेला आणि परत धावत आला तेव्हा बस हलली होती. तो हात हलवत मागे पळत होता. आरशात नेरिडाची आणि त्याची नजरानजर झाली, हे तो आजही शपथेवर सांगतो. बस वळणावर दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी टपाल द्यायला गेल्यावर तिने त्याला एवढंच विचारलं, "टोपी मिळाली का?"

डेन्झिलने हयातभर या गावात टपाल वाटलं. निवृत्तीनंतर डॉक्टरने खांद्यासाठी हलका व्यायाम सांगितला, म्हणून तो शेडमध्ये येऊ लागला. त्याचा हलका व्यायाम दहा मिनिटांत उरकतो. नंतरचे दोन तास तो इतरांचं सामान आवरतो. शेड म्हणजे धक्क्याजवळची जुनी बार्लीची वखार. जॅरडने ती भाड्याने घेऊन तिथे क्रॉस-ट्रेनिंग सुरू केलं तेव्हा गाव म्हणालं, पोरगा वाया गेला. पण हळूहळू मासे धरणारे आले, शेतकरी आले, बँकेतली मुलगी आली. वल्ह्यांचं मशीन ओढायचं, धावत धक्क्याच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं, वजनं उचलायची, आणि हे सगळं घड्याळ लावून, एकापुढे एक, दम न घेता. झालं की जमिनीवर आडवं पडायचं. हे पडणं व्यायामाचाच भाग असावा असं डेन्झिलला बरेच दिवस वाटत होतं.

नेरिडा तिथे पहिल्यांदा गेली ती भांडायला. जॅरडच्या लोकांनी गाड्या बसच्या जागेवर लावल्या होत्या. ती तरातरा आत शिरली तर समोर सात-आठ माणसं जमिनीवर हातपाय पसरून पडलेली.

"हे सगळे मेले का?"

जॅरड ताठ उभा राहिला. लहानपणी एकाच पायात बूट घालून तो तिच्या बसमागे धावलेला आहे; त्या वयाचं काहीतरी त्याच्या पाठीच्या कण्यात अजून शिल्लक आहे. "नाही, मिसेस फुल्ब्रूक. दम खातायत."

"घरी नाही खाता येत?"

"व्यायाम झाला ना आत्ता."

"मग गाड्या हलवायला सांग. एवढं पळता येतं तर गाडी लांब लावून चालत यायला काय होतं?"

गाड्या हलल्या. पुढच्या सोमवारी पोरांना शाळेत सोडून नेरिडा गणवेशाच्याच पँटमध्ये शेडमध्ये आली आणि म्हणाली, "काय करायचं ते दाखव."

का आली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. ते सांगितलं तिच्या नवऱ्याने, ऑल्बीने, पबमध्ये, सगळ्यांना. त्या हिवाळ्यात खेकड्यांची जाळी काढताना तो होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर शेवाळावरून घसरला आणि गुडघाभर पाण्यात आडवा झाला. कंबर धरली, उठता येईना. ऑल्बी अंगाने भरलेला. नेरिडाने काखेत हात घालून ओढून बघितलं, पाठीमागून ढकलून बघितलं, शेवटी त्याचं डोकं मांडीवर धरून पाण्यात बसून राहिली, मासेमारीची बोट परत येईपर्यंत. "बराच वेळ बसली होती," ऑल्बी सांगतो. "एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, बाई चिडलीय. चिडलीच होती. पण माझ्यावर नव्हे."

तेव्हापासून बस रोज सकाळी शेडच्या दारात उभी असते. हाताला लावायच्या खडूच्या भुकटीने स्टिअरिंग पांढरं होतं. पोरं म्हणतात, बाईंनी डोनट खाऊन हात पुसले. तळहातांना घट्टे पडले, मग ते फाटले, मग त्यावर पट्ट्या आल्या. लाकडी खोक्यावर सगळे उडी मारून चढायचे, ती पायरी चढावी तशी चढायची. जॅरडने एकदा भीत भीत सुचवलं, तर म्हणाली, "वर पोचले की नाही? मग झालं." दुसऱ्याच वर्षी तिने ऑल्बीला पबमधून घरापर्यंत खांद्यावर नेलं. त्या दिवशी त्याला काहीही झालेलं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं.

पण स्पर्धेत ती शेवटी यायची. दरवर्षी.

ही स्पर्धा तीन गावांची: पोर्ट कॅरिन, कुरिंगा आणि वूलाबी. बक्षीस म्हणजे समुद्रात तरंगत ठेवतात तसा एक रंगवलेला बोया, तो वर्षभर जिंकणाऱ्या गावाच्या शेडमध्ये टांगायचा. सगळ्या वयाचे लोक, बायका-पुरुष एकाच वेळी, आपापल्या वजनांनी. शेवटी येण्यात लाज अशी काही नाही. उलट तिथे रीतच आहे: ज्याचं झालं त्याने घरी जायचं नाही, आपली वजनंसुद्धा उचलून ठेवायची नाहीत. जो शेवटचा माणूस अजून झगडतो आहे त्याच्याभोवती सगळ्यांनी कोंडाळं करायचं आणि त्याचं पुरं होईपर्यंत ओरडायचं. पहिला आला त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो बिचारा एकटाच जमिनीवर पडलेला असतो. शेवटच्याभोवती मात्र जत्रा. रीत चांगली आहे, मायेची आहे, आणि नवख्या माणसाच्या डोळ्यांत तिने पाणी येतं.

नेरिडाच्या डोक्यात तिडीक जायची.

सगळ्यात जास्त तिडीक जायची ती ग्लेनिस पास्कोमुळे. ग्लेनिस वूलाबीची, निवृत्त नर्स, गोड स्वभावाची. ती दरवर्षी शेवटून दुसरी यायची, म्हणजे नेरिडाच्या अगदी थोडं आधी, आणि लगेच पदर खोचल्यासारखी पुढे येऊन लहान बाळाला चमचाभर औषध पाजताना बोलावं तसं बोलायची, "छान चाललंय हं, नेरिडा! अगदी छान! अजून थोडंसंच!"

या वर्षी सप्टेंबरात बेकरीच्या बाकावर बसून पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी भाजकी करंजी, खाताना नेरिडा डेन्झिलला म्हणाली, "ग्लेनिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

"अरेरे."

"अरेरे कशाला? बरी आहे ती. उतरणार आहे स्पर्धेत." तिने पेस्टी उलटीपालटी करून बघितली. "गाजर घातलंय यांनी."

"नव्या मालकाने घातलंय. माझ्या आजीने असल्या पेस्टीला पेस्टी म्हटलं नसतं."

नेरिडाने गाजराचे तुकडे वेचून पिशवीत टाकले. मग नेरिडा म्हणाली, "या वर्षी मला ओरडायचंय."

"म्हणजे?"

"चार वर्षं लोक माझ्यावर ओरडतायत. तीसेक माणसं. बसमध्ये एवढा आवाज झाला असता तर सगळ्यांना वाटेत उतरवलं असतं. एकदा मला बाहेर उभं राहून ओरडायचंय, दुसऱ्या कुणावर तरी."

"ग्लेनिसवर?"

"कुणावरही. माझ्यामागे एक माणूस असला की झालं. एक."

त्या दिवसापासून डेन्झिलने ही गोष्ट मनावर घेतली. हातात खडू नसेल तेव्हा आणून द्यायचा, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवायचा, ती वजन उचलायची तेव्हा स्वतःचा श्वास रोखून धरायचा. बार आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या चकत्या मिळून बायकांचं वजन चाळीस किलो ठरलं होतं. चाळीस किलो जमिनीवरून खांद्यापर्यंत उचलणं नेरिडाला हिवाळाभर, म्हणजे इथे ऑगस्टपर्यंत, जड गेलं. ऑक्टोबर येईतो तिच्या अंगवळणी पडलं. स्पर्धेच्या आठवड्यात तर उचल झाल्यावर ती पुटपुटायची सुद्धा नाही. "जमतंय," डेन्झिल म्हणायचा. "बघू," ती म्हणायची. बार घासायला तो गेला तोही याच भरात. तिच्या हाताला गंज लागू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

स्पर्धेच्या दिवशी हवा चांगली होती. शेडबाहेर वूलाबीच्या आणि कुरिंगाच्या गाड्या लांब, चालत यावं लागेल अशा ठिकाणी लावलेल्या होत्या. त्याची शिस्त आता तिन्ही गावांना लागली आहे. ऑल्बी घडीची खुर्ची घेऊन दारात बसला होता. पेस्ट्या ओव्हनमध्ये होत्या. डेन्झिलला पंच म्हणून पहिला पट्टा मिळाला, म्हणजे नेरिडाची प्रत्येक उचल मोजायची आणि चुकली तर "बाद" म्हणायचं. हा पट्टा त्याने मागूनच घेतला होता.

सहाव्या पट्ट्यात रॉयस मॅडिगन हात फिरवत उभा होता. रॉयस ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि दिसतोही साधारण ट्रॅक्टरसारखा. लांबूनच ओरडला, "मिसेस फुल्ब्रूक! आज वेळेवर पोचणार ना?"

"तू पाय खाली ठेवून बसायला शिकलास का?" नेरिडा म्हणाली. रॉयस शाळेत असताना मागच्या सीटवर बसून पुढच्या पाठीवर पाय ठेवायचा. कुरिंगाची माणसंसुद्धा हसली.

भोंगा वाजला. तीन फेऱ्या होत्या: आधी वल्हं, मग फाटकापर्यंत धावून येणं, मग बार. वल्ह्यावर नेरिडा ग्लेनिसच्या बरोबरीने सुटली. धावण्यात पुढे गेली; चांगली पाच-सहा पावलं पुढे. डेन्झिलने खिशातली मूठ आवळली. ती शेडमध्ये शिरली, हात खडूत बुडवले, बाराला धरलं, उचललं, आणि खांद्यापर्यंत जाता जाता थबकली. वर गेला बार, पण जायचा तसा नाही. तिने तो खाली टाकला, आपल्या मुठीकडे बघितलं, बाराकडे बघितलं आणि मग सरळ डेन्झिलकडे बघितलं.

"एक," डेन्झिल म्हणाला. त्याला वाटलं, खडू कमी पडला. तो डबा घेऊन पुढे सरकला. तिने डब्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा वाकली.

पहिल्या फेरीअखेर ग्लेनिस तिच्या बरोबर आली. दुसऱ्या फेरीत धावून नेरिडाने पुन्हा अंतर काढलं आणि बारावर पुन्हा गमावलं. डेन्झिलला काही उमगेना. आठवडाभर जे वजन तिने भाजीच्या पिशवीसारखं उचललं होतं, त्याच्याखाली ती आता दात ओठ खात होती. चेहरा बीटासारखा झाला होता. 'वय झालं,' त्याच्या मनात आलं. 'काल रात्री जेवली नसेल.' 'ऑल्बीने काहीतरी केलं असेल.' जगातली सगळी कारणं त्याला सुचली, एक सोडून.

तिसऱ्या फेरीत ती शेवटच्या उचलींना लागली तेव्हा पलीकडच्या टोकाला आरोळी झाली. रॉयसचं संपलं होतं. तिन्ही गावांतल्या सगळ्या पुरुषांच्या आधी. आयुष्यात पहिल्यांदा. तो पाठीवर पडून, हातपाय पसरून छताकडे बघून ओरडत होता, "कापूस! आज बार कापूस वाटत होता रे! कापूस!"

डेन्झिलच्या डोक्यात तो कापूस एकदा गरगर फिरला. मग त्याला पिवळी चिकटपट्टी दिसली. स्वतःच्या नखाखाली.

त्याने पहिल्या पट्ट्यातल्या बाराकडे बघितलं. टोक लख्ख होतं. तो बार बाजूच्या पट्ट्यातल्या ग्लेनिसच्या बारापेक्षा चांगला वीतभर लांब होता. आणि डेन्झिल एवढा वेळ त्याच्यासमोर दोन हात अंतरावर उभा राहून मोजत होता.

"नेरिडा," तो खाली वाकून म्हणाला, "नेरिडा, ऐक, हा बार तुझा—"

"मोज," ती म्हणाली.

"अगं पण हा बार पुरुषांचा—"

"डेन्झिल. मोज."

त्याने मोजलं. त्यानंतरची उचल तिच्या खांद्यावर नीट बसली नाही, कोपर मागे राहिलं. आता काय करावं? त्याच्या जिभेवर "धरली" आलं होतं. पण तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि ज्या माणसाला त्या बसच्या आरशात एकदा ती नजर भेटली आहे, त्याला काय म्हणायचं ते कळलं. "बाद," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. तिने मान हलवली आणि पुन्हा वाकली.

तेवढ्यात ग्लेनिसचं पुरं झालं.

आणि जत्रा आली. पट्ट्यापट्ट्यांतून घामेजलेली माणसं उठून आली, कोंडाळं झालं, टाळ्या सुरू झाल्या. "चल, नेरिडा! शाब्बास, नेरिडा!" ग्लेनिस अजून धापा टाकत होती, तरी सगळ्यांच्या पुढे आली, गुडघा धरून वाकली आणि म्हणाली, "छान चाललंय हं! अगदी छान! अजून थोडंसंच!"

नेरिडाने त्या सगळ्या गलक्यात शेवटच्या उचली केल्या. शेवटचा बार खाली टाकला, तो डेन्झिलच्या बुटापासून दोन बोटांवर पडला. नेम चुकला की साधला, कोण जाणे. मग ती जमिनीवर आडवी झाली नाही. ती कधीच होत नाही. भिंतीकडे जाऊन, पाण्याची बाटली उघडून, पाठमोरी उभी राहिली.

डेन्झिलने जॅरडला सगळं सांगितलं. रॉकेल, चिंध्या, मोजे, हातगाडी, काहीही न लपवता. जॅरडने दोन्ही बार उचलून बघितले, काट्यावर ठेवून बघितले आणि मग पेस्ट्यांसाठी रांग लावलेल्या लोकांना थांबवून जाहीर केलं. पहिल्या पट्ट्यात पाच किलो जास्त. सहाव्या पट्ट्यात पाच किलो कमी.

मग सगळ्यांच्या माना एकदम रॉयसकडे वळल्या.

"काय?" रॉयस म्हणाला. तोंडात पेस्टी होती.

"नियम असा आहे," जॅरड म्हणाला, "ठरल्यापेक्षा जास्त उचललं तर ती तुमची हौस. ठरल्यापेक्षा कमी उचललं तर धरत नाहीत. रॉयस, तुझं बाद. पुन्हा करायचं असलं तर आज करता येईल." मग तो नेरिडाकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम शाळकरी पोराचा झाला. "मिसेस फुल्ब्रूक, तुमचं तसं धरलंच आहे. पण तुम्हाला बरोबरच्या बारावर पुन्हा करायचं असेल तर जरूर... सगळ्यांनी विश्रांती घेतल्यावर... एकट्याने."

"कर गं, कर!" ग्लेनिस कळवळून म्हणाली. "तुझ्यावर अन्याय झालाय. आम्ही सगळे थांबतो ना. सगळे येऊ ओरडायला!"

"तेच नको," नेरिडा म्हणाली आणि पेस्टी घ्यायला गेली.

"मग मीही नाही करत," रॉयस म्हणाला. "पायात जीव नाही माझ्या. डेन्झची चूक, मी कशाला निस्तरू?"

"कापूस कुठे गेला रे?" दारातून ऑल्बीने विचारलं.

"हातात धरल्यावर कळलं नाही तुला? बायकांचा बार?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

"उशीत घालून झोपला असेल," दुसरं कुणीतरी म्हणालं.

"बोया वूलाबीला जाऊ दे मग," ग्लेनिस अतिशय गोड आवाजात म्हणाली.

हे शेवटचं लागलं. रॉयसने पेस्टी खाली ठेवली.

एकट्याने करणं वाईट असतं. शेजारी कुणी धावत नसलं की धक्क्याचं फाटक लांब जातं. आणि सकाळी रॉयसने अंगातलं सगळं त्या हलक्या बारावर उधळून टाकलं होतं. पहिली फेरी त्याने गुर्मीत काढली, दुसरी कुरकुरत. तिसरीत बारापाशी आला तेव्हा ट्रॅक्टरमधलं डिझेल संपलं होतं. चार उचली झाल्या आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मग खोक्यावर बसला. मान खाली, नाकातून घाम टपटप.

शेडमधला शेवटचा माणूस तो होता. अजून पुरं न झालेला. रीत ती रीत. पेस्ट्या हातात घेऊन लोक उठले आणि कोंडाळं झालं. "चल, रॉयस! जमेल, रॉयस!" रॉयसने मान हलवली. जमणार नव्हतं. जॅरडने भोंग्याकडे हात नेला.

मग कोंडाळं एका बाजूने फाटलं. नेरिडा पुढे आली. अर्धी पेस्टी तिने न बघता डेन्झिलच्या हातात दिली. दोन पाय फाकवून उभी राहिली, छाती भरून घेतली.

"रॉयस मॅडिगन!"

शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. कोंडाळ्यातली निम्मी माणसं आपोआप सावरून उभी राहिली. एकाने च्युइंगम गिळून टाकलं.

"ऊठ! तुझा स्टॉप आलेला नाही अजून!"

रॉयस उठला. तो उठला हे त्याला स्वतःला कळायच्या आत उठला होता. बार उचलला.

"पाठ सरळ! खाली बघू नकोस, खाली काय आहे? पुढे बघ! कोपर! कोपर वर घे, खिडकीतून बाहेर काढायचास तेव्हा बरं वर जायचं! हां! आणखी एक! रडायचं असलं तर घरी जाऊन रड, माझ्या बसमध्ये नाही!"

ती शेवटपर्यंत ओरडत होती. बाकीचे ओरडायचे थांबून तिच्याकडेच बघत होते, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि चेहऱ्यावर, डेन्झिलच्या मते, साधारण निम्मा आनंद होता. तिच्या बाबतीत तो बराच म्हणायचा. रॉयसने शेवटचा बार टाकला, जमिनीवर कोसळला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "थँक यू, मिसेस फुल्ब्रूक." बसमधून उतरताना पोरं म्हणतात तसं.

"मला रोज सकाळी असंच उठवते," ऑल्बी शेजारच्याला म्हणाला.

रॉयसला फार वेळ लागला होता; बोया पोर्ट कॅरिनला मिळाला नाही. वूलाबीच्या लोकांनी तो गाडीच्या टपावर बांधून नेला. फळ्यावर बायकांच्या यादीत नेरिडाचं नाव तळाशीच राहिलं. जॅरड शेजारी पाच किलोचं काहीतरी लिहायला निघाला होता, तिने खडू काढून घेतला.

लोक पांगल्यावर डेन्झिल शेड झाडत राहिला. जमिनीवर घामाचे आणि खडूचे माणसांच्या आकाराचे डाग पडले होते, ते पुसत तो दारापर्यंत आला. बाहेर बस उभी होती. नेरिडा स्टिअरिंगमागे बसून हाताच्या पट्ट्या सोडत होती. आवाज पार गेला होता तिचा. डेन्झिलची दोन वेळा माफी मागून झाली होती आणि तिने दोन्ही वेळा हात झटकला होता. पण एक गोष्ट त्याला राहवेना. झाडू दाराला टेकवून तो बसच्या पायरीवर चढला.

"पहिल्याच उचलीला तुला कळलं होतं. माझ्याकडे बघितलंस तू. तेव्हाच हात वर केला असतास तर जॅरडने सगळं थांबवून बार बदलला असता. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. ग्लेनिस तुझ्यामागे राहिली असती, मी लिहून देतो. मग का नाही थांबलीस?"

नेरिडाने किल्ली फिरवली, आरसा नीट केला आणि चिरकलेल्या आवाजात म्हणाली, "सुटलेली बस मी थांबवत नाही."